हिमानी वगळून

"एकेचाळीस पत्रं लिवली माह्या भावानं तुले," गोपिका आत्या म्हणाली. "एकाचं बी उत्तर नाही दिलं तू. दोन अक्षरं बी नाही."

तेरवीची शेवटची पंगत उठली होती. हिमानी पाण्याचे ग्लास गोळा करत होती. तिनं हातातला ग्लास दुसऱ्या ग्लासात ठेवला.

"कोणती पत्रं, आत्या?"

"पाहा! कोणती पत्रं म्हणते." आत्यानं कूलरसमोर बसलेल्या बायांकडे बघितलं. "फेसबुकवरची. म्या चष्मा लावून वाचली. शेजारचे मधुकरराव रोज खाली काहीबाही लिवत. अन् जिच्यासाठी लिवली तिलेच मालूम नाही."

"बाबांनी फेब्रुवारीत लिहिणं बंद केलं होतं."

"बंद? मरायच्या दोन दिवस आधीलोक लिवून राहिला होता तो."

हिमानीनं ग्लास खाली ठेवले, हात पुसले आणि स्वतःचा फोन काढून बाबांचं, मारोतरावांचं, पान उघडलं. दोन फेब्रुवारी. टोपलीभर संत्र्यांचा फोटो, वर एक ओळ: मृग बहार आला बाजारात. त्याच्यानंतर काही नव्हतं. गेले चार महिने ती हेच पान बघत आली होती.

"तुझा फोन दे, आत्या."

आत्याच्या फोनवरही तेच पान होतं. सगळ्यात वर एकतीस मेची तारीख होती आणि खाली मजकूर. सुरुवात 'हिमा बेटा' अशी होती. हिमानीनं तो वाचला नाही. फक्त बोटानं पान सरकवत राहिली. हिमा बेटा. हिमा बेटा. हिमा बेटा. तारखा मागं जात राहिल्या.

तिनं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. माणूस एक, पान एक. एका फोनवर तो फेब्रुवारीत गप्प झाला होता, दुसऱ्यावर जून लागेपर्यंत बोलत होता.

तिला रडू आलं नाही. गेले तेरा दिवस आलं नव्हतं. कामावर मुद्रितं तपासताना दोन प्रतींत फरक दिसला की तिच्या मनात जो प्रश्न येई तोच आला. हा फरक कोणी केला?

आणि त्याच्या मागे दुसरा. बाबा जाताना काय समजून गेले?

*

तिच्या नावाचा विसर घरात कोणाला पडला नव्हता. उलट गेल्या ऑक्टोबरपासून सगळे जरा जास्तच आठवण ठेवून वागत होते. ऑक्टोबरमध्ये, सातव्या महिन्यात, हिमानीचं पोटातलं बाळ गेलं. पुण्याच्या घरात तिनं व्हॉट्सअॅप काढून टाकलं. फोन घेणं सोडलं. नवरा दुर्गेश दर रविवारी सकाळी बाबांना फोन लावायचा, बोलून झालं की तिच्याकडे बघून 'देऊ का?' असं खुणेनं विचारायचा. ती मान हलवायची. फेसबुक तेवढं तिनं ठेवलं होतं. तिथं कोणी उत्तराची वाट बघत बसत नाही, असं तिला वाटायचं.

मारोतराव बोलण्यातले नव्हते. बत्तीस वर्षं रेल्वेच्या डाकेत पत्रं गावांप्रमाणे वेगळी करण्यात गेली. फोनवर ते 'हां', 'बरं', 'जेवली का' एवढंच बोलत. लिहायला बसले की मात्र पान भरायचं.

मार्चमध्ये एकदा ती दुर्गेशला म्हणाली होती, "बाबांना माझ्याशी बोलायचं काही उरलेलं दिसत नाही. काही लिहीतही नाहीत." तेव्हा तो म्हणाला होता, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना. बंद केलं असेल." तिला ते पटलं होतं.

*

"सुशील, बाबांचा फोन कुठं आहे?"

धाकट्या भावानं कपाटातून फोन काढून दिला. "काहून पाहिजे, ताई?"

"बाबांची पत्रं मला दिसत नाहीत. बाकी सगळ्यांना दिसतात."

सुशीलनं डोकं खाजवलं. "मंग बाबांनीच काढलं असल तुले. रागावले असतील. तू फोन घेत नव्हती ना."

"रागावून मला काढायचं आणि पत्र मलाच लिहायचं?"

सुशीलनं कपाटाचं दार लावून घेतलं.

ती बाबांच्या खोलीत गेली. पलंगावर न बसता खिडकीपाशी उभी राहिली. फोनला कुलूप नव्हतं. पहिलं पत्र बावीस फेब्रुवारीचं निघालं. तारखेशेजारच्या छोट्या खुणेवर तिनं बोट ठेवलं. कोण पाहू शकतं? मित्र वगळता, म्हणजे काही नावं सोडून बाकी सगळे. आणखी एकदा बोट ठेवल्यावर वगळलेल्यांची यादी उघडली.

यादीत एकच नाव होतं. हिमानी.

तिनं दुसरं पत्र बघितलं. तिसरं. मधलं एक, शेवटचं एक. प्रत्येकाला तीच खूण, तेच नाव. एकेचाळीस वेळा?

सत्तरीतला माणूस, प्रत्येक पत्राच्या वेळी चार ठिकाणी बोट दाबून, यादीतून मुलीचं नाव शोधून, वगळून, मग तिलाच 'बेटा' लिहितो. हे कोणी मान्य करणार नाही.

तिनं नवीन काही लिहायची जागा उघडली. एक अक्षरही न लिहिता वर बघितलं. मित्र वगळता. कोणी काही न करता ते तिथं आधीच बसलेलं होतं. फोननं मागची निवड लक्षात ठेवली होती.

म्हणजे एकेचाळीस वेळा नाही. एकदा. कधीतरी, कोणीतरी, एकदाच.

ती बावीस फेब्रुवारीच्याही मागं गेली. तिथं एक फोटो होता. नऊ फेब्रुवारी, रविवार, दुपारी पाच वाजून दहा मिनिटं. त्यालाही तीच खूण. त्याच्या मागचा संत्र्यांचा फोटो मात्र सगळ्यांना खुला होता.

*

फोटोत एक लॉन होतं. मधोमध फुलांनी मढवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीत सुशीलची बायको काजल, सात महिन्यांची गरोदर. मागे सुशील. एका बाजूला गोपिका आत्या, दुसरीकडे कळमेश्वरहून आलेले काजलचे आईवडील. पुढच्या रांगेत मारोतराव, एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर स्टीलचं ताट, ताटात घडी घातलेला शेला, पांढरी टोपी आणि नारळ.

वर लिहिलं होतं: सूनबाईची ओटी भरली. आलेल्या सर्व पाहुण्यांचे आभार.

हिमानीला सांगितलं होतं, घरातल्या घरात केलं, साधंच.

ती काजलकडे गेली. काजल आतल्या खोलीत दोन महिन्यांच्या बाळाला पाजत होती. फोनवरचा फोटो बघून तिचा चेहरा पडला.

"ताई, तुम्हाले बोलावलं नाही ते..."

"ते मला कळतं, काजल. जिची ओटी नुकती रिकामी झाली तिला ओटीला बोलवत नाहीत. आत्यानं ठरवलं असेल."

"मी नाही म्हटलं होतं, खरंच."

"त्यासाठी नाही आले मी. हा फोटो कोणी टाकला?"

"मामंजींनी."

"बाबांचं ऑपरेशन कधी झालं?"

"सात तारखेला. शुक्रवारी." काजल थांबली. "हां. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, त्यांना तर दिसतच नव्हतं. डॉक्टरनं फोन पाहू नका म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्या ताटातला घास बी दाखवून राहिली होती, इकडं भाजी, इकडं वरण."

"मग कोणी टाकला?"

"मले खरंच नाही माहीत. मी चार वाजल्यापासून झोपाळ्यावर होती. पाठ दुखून आली होती, कोणी उतरूच देईना."

"या रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

काजलनं बाळाच्या तोंडाकडे बघितलं. "पाहुणे होते ना भरपूर. नाही आठवत."

सुशील अंगणात मांडववाल्याशी बोलत होता. हिमानीनं त्याला बाजूला घेतलं.

"नऊ फेब्रुवारीला बाबांच्या फोनवर फोटो कोणी काढला?"

"फोटोवाला होता ना."

"फोटोवाला स्वतःचा कॅमेरा सोडून बाबांच्या फोनवर काढेल?"

"मंग पाहुण्यांपैकी कोणी असल. तू काहून एवढं खोदून राहिली, ताई? आज तेरवी आहे."

"लॉनवर घरचं कोण कोण होतं?"

"फोटोत दिसून राहिले ना. तेवढेच."

"तेवढेच?"

"तेवढेच," सुशील म्हणाला आणि मांडववाल्याला उगाच हाक मारली. मांडववाला शेजारीच उभा होता.

*

आत्या ओट्यावर पाय सोडून बसली होती. हिमानी तिच्याजवळ बसली.

"आत्या, मी उत्तर देत नव्हते, तर बाबा काय म्हणायचे?"

"आधी लय खचला होता. पहिली आठ-दहा पत्रं गेली असतील. मले म्हणे, गोपे, पोरगी तोंड फिरवून बसली. जेवे ना बरोबर. मंग एका दिवशी एकदम मोकळा झाला."

"कधी?"

"होळी झाली होती. दोन-तीन दिवस झाले असतील. म्या छतावर वड्या घालून राहिली होती. फोनवर बोलून वर आला अन् म्हणे, 'पोरगी सगळं वाचते, गोपे. लिवायचं बळ नाही तिच्यात, पण वाचते.' तवापासून आठवड्यातून तीन-तीन लिवाले लागला."

"फोन कोणाचा होता?"

"मले काय मालूम वं. वड्या पाहू का फोन पाहू?"

हिमानीनं बाबांच्या फोनवरची आलेल्या फोनची यादी उघडली. यादी लांब होती, ती सावकाश मागं गेली. होळी तेरा मार्चला झाली होती. सोळा मार्चला रविवार होता. त्या सकाळी एकच फोन होता, दहा वाजून पाच मिनिटांचा. अकरा मिनिटं चाललेला.

तिनं नाव वाचलं. फोन मांडीवर उलटा ठेवला.

मग पुन्हा उचलला आणि एक शेवटची गोष्ट तपासली. प्रत्येक पत्राखाली कोणी कोणी अंगठा दिला आहे ते. आत्या, सुशील, काजल, मधुकरराव, डाकेतले जुने लोक. कोणाचा एखाददुसरा चुकला होता. एका माणसाचा मात्र एकेचाळीसपैकी एकावरही नव्हता. एरवी तो समोर येईल त्या पोस्टला अंगठा द्यायचा, न वाचताही.

*

चार वाजता पाहुणे पांगले. बाहेरच्या खोलीत घरचेच उरले. सुशील, मांडीवर बाळ घेऊन काजल, भिंतीला टेकून आत्या. दुर्गेश दाराशी उभा राहून भाड्याच्या खुर्च्या मोजत होता. तेरा दिवस तो असाच राबत होता. सगळे त्याचं कौतुक करत होते.

"दुर्गेश, आत ये," हिमानी म्हणाली. "बस."

तो बसला.

तिनं बाबांचा फोन मधोमध सतरंजीवर ठेवला. आवाज चढवला नाही.

"बाबांची पत्रं माझ्यापर्यंत का आली नाहीत ते मला कळलंय. सांगते. सुशील म्हणाला, बाबांनीच मला काढलं. तसं असतं तर त्यांनी मला पत्रंच लिहिली नसती. काढलं दुसऱ्या कोणीतरी, नऊ फेब्रुवारीला, एका फोटोसाठी. त्या दिवशी बाबांना फोनच्या पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. ज्यानं फोटो टाकला त्यानं तो माझ्यापासून लपवला. एका फोटोपुरतंच लपवायचं असेल. पण फोन मागची निवड धरून ठेवतो. बाबांनी नंतर जे जे लिहिलं ते सगळं त्याच वाटेनं गेलं. माझं नाव सोडून. बाबांना पत्ता नाही, मला पत्ता नाही."

"अरे देवा," आत्या म्हणाली.

"फोटो काढणारा फोटोत नसतो. तुम्ही सगळे फोटोत आहात. मग कोण? सुशील म्हणतो, पाहुणा असेल. पाहुण्याला हा फोटो माझ्यापासून लपवावा हे सुचणार नाही. ते सुचायला माझ्या घरातलं दुःख माहीत पाहिजे."

तिनं सतरंजीवरच्या फोनवर तो फोटो उघडला.

"फोटोत बाबांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर शेला, टोपी, नारळ. आपल्याकडे असं ताट कार्यात कोणापुढे ठेवतात, आत्या?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. "जावयापुढे," ती पुटपुटली.

"काजलची बहीण अजून शिकतेय. आत्या, तुला मूलबाळ नाही. सुशील फोटोत आहे. त्याच्याशिवाय या दोन्ही घरांत मिळून जावई किती आहेत?"

सुशील खाली बघत म्हणाला, "ताई, मीच बोलावलं होतं जिजाजींना. दोघंही नाही आले तर लोक विचारतील म्हणून. तुले सांगू नका असं आमचं सगळ्यांचंच ठरलं होतं."

"नऊ फेब्रुवारीला तू इंदूरला होतास," हिमानी दुर्गेशला म्हणाली. "कंपनीच्या कामाला."

दुर्गेशनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "बाबांनीच सांगितलं," तो म्हणाला. "फोटो टाक, पण हा हिमापासून राहू दे, तिला पाहवणार नाही. म्हणून केलं. एका फोटोपुरतं. पुढचं सगळं तसंच जात राहील हे मला माहीत नव्हतं, हिमानी. शपथेवर सांगतो."

"मान्य आहे. फोटोचं मी तुझ्यावर धरत नाही. इंदूरचंही नाही. मी मार्चचं धरते."

"मार्चचं काय?" सुशीलनं विचारलं.

"सोळा मार्चला सकाळी एकच फोन आला होता, याचा. तेव्हाच बाबांनी याला विचारलं असणार, हिमा माझी पत्रं वाचते का? त्या आधीच याला कळलं होतं. कारण पत्रं याच्या फोनवर दिसत होती आणि मी याच्यासमोर बसून म्हणत होते की बाबा काही लिहीत नाहीत. दोन्ही गोष्टी फक्त या एका माणसाला माहीत होत्या. हा मला म्हणाला, डोळ्यांमुळे बंद केलं असेल. आणि बाबांना म्हणाला, ती वाचते. एकाही पत्राला यानं अंगठा दिला नाही. पत्रं पाहिल्याची खूण राहू नये म्हणून."

कूलरची मोटर घरघरत होती. बाळ झोपेत कुरकुरलं. काजलनं त्याला खांद्यावर घेतलं.

"काहून केलं गा असं, जावईबापू?" आत्या म्हणाली.

दुर्गेशनं आत्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर फोटो निघाला असता. मी ओटीला गेलो होतो हे निघालं असतं. तेव्हा ती जेवत नव्हती, आत्या. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही नको. म्हटलं, जरा सावरू दे, मग सांगू. एक आठवडा गेला. मग आणखी एक. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं." तो हिमानीकडे वळला. "पण त्यांना बरं वाटलं गं. 'ती वाचते' असं मी म्हणालो तर बाबांचा आवाज बदलला. ते समाधानानं गेले, तू वाचतेस असं समजून गेले. एवढं तरी..."

"हो," हिमानी म्हणाली. "ते मला हवं होतं. बाबा काय समजून गेले ते. ते कळलं."

तिनं सतरंजीवरचा फोन उचलून हातात घेतला.

"ते खोटं समजून गेले. आणि मी समजत होते, बाबांना माझ्याशी बोलायचंच नाही. दर रविवारी तू फोन पुढे करून विचारायचास, देऊ का. तेव्हा एकदा म्हणाला असतास, बाबांनी तुला लिहिलंय. मी घेतला असता फोन."

दुर्गेशनं तोंड झाकून घेतलं. त्याच्याकडे बघताना तिला राग शोधावा लागला. तो मिळाला नाही. आत फक्त सपाट, रिकामी जागा होती, ऑक्टोबरपासूनची.

"उद्या सकाळची गाडी आहे आपली," तोंडावरचे हात काढून तो म्हणाला.

"तुझी आहे."

"किती दिवस राहशील?"

"एकेचाळीस पत्रं आहेत," ती म्हणाली. "संपल्यावर बघेन."

ती बाबांचा फोन घेऊन आत गेली. सगळी पत्रं एकदम खुली करायची सोय तिला सापडली नाही. एकेक उघडायचं, खुणेवर बोट ठेवायचं, यादी काढायची, आपलं नाव पुसायचं. मग स्वतःच्या फोनवर ते पत्र येईपर्यंत थांबायचं. बाबांच्या फोनवर वाचणं तिला बरं वाटेना. पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्या हातात आलं पाहिजे.

पहिल्या पत्रात होतं, हिमा बेटा, आज पट्टी निघाली. सगळं स्वच्छ दिसून राहिलं आहे. भिंतीला किती पोपडे आले होते, इतकी वर्षं मले मालूमच नव्हतं. तू जेवत जा.

सहा वाजता आत्या चहा घेऊन आली. कप खिडकीत ठेवला आणि निघून न जाता पलंगाच्या कडेवर टेकली.

"किती झाली?"

"सात."

"वाचून राहिली का नुसती उघडून राहिली?"

"वाचतेय."

आत्यानं पायाशी पडलेलं पांघरूण उचललं, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मंग हळू वाच वं," ती म्हणाली. "एका दिवसात नको संपवू."